दोनदा चुकलेला एकच प्रश्न

बेसबॉलच्या पंचपरीक्षेसाठी मी फोंड्याहून पणजीला तीनदा खेपा घातल्या. स्ट्राइक झोन, फोर्स आउट वगैरे पहिल्याच खेपेला सुटले. अडवले ते ऑब्स्ट्रक्शनच्या, म्हणजे क्षेत्ररक्षकाने धावपटूची वाट रोखण्याच्या, एका प्रश्नाने. कॅचरचा (फलंदाजामागच्या क्षेत्ररक्षकाचा) थ्रो तिसऱ्या बेसवरून निसटून लांब गेला आहे, त्यासाठी झेपावलेला बेसमन (त्या बेसवरचा क्षेत्ररक्षक) आडवा पडला आहे आणि धाव पूर्ण करायला होम प्लेटकडे निघालेला धावपटू त्याला अडखळतो. पंचाने काय करावे?

आयुष्यभर क्रिकेटची पंचगिरी केलेली असल्याने मी हेतू शोधला. क्रिकेटमध्ये फलंदाजाला जाणूनबुजून अडवले तरच दंड होतो, म्हणून 'बेसमन निर्दोष' असे मी लिहिले. बेसबॉलमध्ये मात्र क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू नसताना आणि तो चेंडू अडवण्याच्या कृतीतही नसताना धावपटूची वाट रोखली गेली, एवढेच पुरते. दुसऱ्या खेपेला मी ऑब्स्ट्रक्शन दिले, पण खेळ तत्काळ थांबवला. पुन्हा लाल फुली, आणि शेजारी एक अक्षरही नाही. स्पष्टीकरण मागितले, तर तीन आठवड्यांनी उत्तर आले की ते नियमपुस्तकातच आहे. पुस्तक मलाही वाचता येत होते. अडले होते ते त्याचा अर्थ लावण्यात.

अखेर २०१३ च्या वर्ल्ड सिरीजमधील (अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेतील) तिसऱ्या सामन्याने तो लावून दिला. सेंट लुईसचा अ‍ॅलन क्रेग बॉस्टनच्या विल मिडलब्रुक्सला असाच अडखळला. तिसऱ्या बेसजवळचे पंच जिम जॉइस यांनी ऑब्स्ट्रक्शन जाहीर केले, तरी खेळ चालूच राहिला. क्रेग होम प्लेटवर चेंडूआधी पोहोचू शकला नाही, पण त्याला सुरक्षित ठरवले गेले आणि सेंट लुईसने सामना ५-४ असा जिंकला. म्हणून आधी विचारावे : अडवणूक झाली त्या क्षणी त्याच धावपटूला बाद करण्याचा प्रयत्न चालू होता का? असल्यास दोन्ही हात वर करून खेळ थांबवायचा आणि त्याला किमान एक बेस पुढे द्यायचा. नसल्यास बोट दाखवून ऑब्स्ट्रक्शन जाहीर करायचे, पण खेळ चालू द्यायचा व तो संपल्यावर, अडवले नसते तर धावपटू जिथे पोहोचला असता, तो बेस द्यायचा. त्यापुढे तो धावला, तर जोखीम त्याची.

एक राहिलेच : फटकावलेला चेंडू क्षेत्ररक्षक अडवत असेल, तर बाजूला होण्याची जबाबदारी धावपटूची असते, आणि तिथेही हेतू पाहिला जात नाही. फेकलेल्या चेंडूला धावपटूने अडथळा आणला, तर मात्र हेतू पाहावा लागतो. माझ्यासारख्या क्रिकेटवाल्याने हा फरक आधी पाठ करावा.

तिसऱ्या खेपेला उत्तीर्ण झालो. जुन्या उत्तरपत्रिकांवरील दोन्ही फुल्यांशेजारी मी आता पेन्सिलीने ऑब्स्ट्रक्शनचा नियम ६.०१ (एच) असे लिहून ठेवले आहे. ते काम खरे तर तपासनिसांचे होते.