साभार परत

"पहिलीच कथा छापून आली, नशीबवान आहात! मग मधली इतकी वर्षं लिहिलं का नाहीत?" असं लोक मला नेहमी एका दमात विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: ती छापून आली, म्हणूनच लिहिलं नाही.

तेव्हा मी 19 वर्षांची होते. एका रात्रीत लिहिलेली कथा मासिकाकडे पाठवली आणि ती जशीच्या तशी छापून आली. माझी समजूत झाली, कथा अशीच होते. पुढच्या तीन 'साभार परत' आल्या. त्या पुन्हा लिहून काढता येतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कशाला येईल? पहिलीच्या वेळी कुठे गरज पडली होती? मी ठरवून टाकलं की पहिली चुकून जमली. मग 11 वर्षं काही पाठवलं नाही. (लिहिलं नाही असं नाही, वह्या आहेत. उघडवत नाहीत.)

पुढे कबुतरांवरच्या प्रयोगांबद्दल वाचलं. चोच मारली की दर वेळी दाणा मिळणारं कबूतर, दाणे बंद झाले की लवकर नाद सोडतं. कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लागलेलं मात्र कितीतरी वेळ चोच मारत राहतं. मी पहिल्या जातीतली. त्यात लहानपणापासून 'हुशार आहे' हे ऐकलेलं. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998च्या अभ्यासात, बुद्धीचं कौतुक झालेली मुलं अपयशानंतर लवकर मागे हटली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकली.

म्हणून सुरुवातीला आपटी खावीच, असं मी म्हणणार नाही. 2019मध्ये अमेरिकेतल्या तरुण शास्त्रज्ञांवर एक अभ्यास झाला. अनुदान थोडक्यात हुकलेले, पण टिकून राहिलेले, पुढे थोडक्यात अनुदान मिळालेल्यांपेक्षा सरस ठरले. एवढं सगळेजण आनंदाने सांगतात. हुकलेल्यांतले काही कायमचे बाहेर पडले, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि मला तेच आधी दिसतं.

आता परत लिहिते. परवाच एक कथा साभार परत आली. तिचा हा तिसरा खर्डा होता. शेवट घाईत उरकलाय, असं संपादकांनी कळवलंय. दोन दिवस राग आला. आज वाचली, तर उरकलाच आहे.