चार तास रेंगणारी फाइल : मेनफ्रेमवरच्या एसएफटीपीचा माझा अनुभव

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून मी २०२० पासून घरूनच काम करतो, मेनफ्रेमवरचा, म्हणजे बँकांच्या मोठ्या कॉम्प्युटरवरचा, रात्रीचा बॅच (आपोआप एकामागून एक चालणारी कामं) सांभाळायचं काम. मशीन झेड/ओएस ऑपरेटिंग सिस्टिमचं, ते असते दूर डेटा सेंटरमध्ये, माझ्याकडं फक्त लॅपटॉप अन् इन्व्हर्टर. मागच्या रब्बीत जे झालं ते लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी येईल.

आमची १८ जीबीची एक फाइल रोज रात्री दुसऱ्या बँकेला जाते. आधी साध्या एफटीपीनं, म्हणजे फाइल पाठवायच्या जुन्या, उघड्या पद्धतीनं, ४० मिनिटांत जायची. मग ठरलं की सगळं एन्क्रिप्ट करूनच पाठवायचं, म्हणून एसएफटीपी आलं, एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीतून फाइल पाठवणारं, आणि पहिल्याच रात्री ४ तास लागले. त्या फाइलीत पेन्शनचे क्रेडिट असतात, उशीर झाला की कोणीतरी म्हातारं माणूस बँकेच्या पायरीवर बसून राहते, आमच्याच गावात मी ते बघितलंय, म्हणून मला चैन पडत नव्हती.

कॉलवर पहिलं वाक्य काय, तर तुझ्या गावचं नेट बघ. घरी बाबांनीही तेच विचारलं, "फाइल आपल्याच तारेतून जाते काय रे?" म्हटलं, नाही बाबा, ती तिकडची तिकडंच जाते, मी फक्त पडद्यावर बघून राहिलो. बाबांना पटलं, कॉलवरच्यांना पटवायला दोन दिवस गेले.

आधी वेळ तोडून मोजला. झेड/ओएसचं एसएफटीपी डेटासेट (मेनफ्रेमवरची मूळ फाइल) सरळ उचलत नाही, आधी त्याच मशीनमधल्या युनिक्सच्या बाजूला फाइल कॉपी करावी लागते, त्याला १५ मिनिटं. म्हणजे उरलेले पावणेचार तास नुसतं पाठवण्यातच, सेकंदाला दीड एमबीसुद्धा नाही. आता इथं मी फसलो. समोरच्या बँकेपर्यंत राउंड ट्रिप, म्हणजे डेटा जाऊन पोच परत यायचा वेळ, ४० मिलिसेकंद अन् आमचा टीसीपी बफर, म्हणजे पोच यायच्या आधी एका दमात जाईल तेवढा डेटा, ६४ केबी, भागाकार केला तर सेकंदाला १.६ एमबी येते, आकडा इतका जवळ की मला वाटलं सापडलं! एफटीपी आपला बफर स्वतःच वाढवून घेतो म्हणून तेव्हा त्रास नव्हता, हेही जुळत होतं. बदलाची परवानगी काढून बफर २५६ केबी केला. काहीच फरक नाही. कोणीतरी म्हटलं कॉम्प्रेशन लाव, तर फाइल आणखीच हळू झाली, कारण कॉम्प्रेशन म्हणजे सीपीयूला आणखी काम, आणि खरं म्हणजे तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं की अडचण सीपीयूची आहे.

त्या आठवड्यात शेताची लाइन रात्रीची होती, बाबा हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जायचे, मी इकडं स्क्रीनसमोर. एका रात्री म्हटलं नेटवर्कच काढून टाकू मधून, आणि त्याच मशीनवरून त्याच मशीनवर, म्हणजे लोकलहोस्टला, एसएफटीपी केलं. तरी तोच वेग! वायरच नाही मधे, तरी हळू. एसडीएसएफमध्ये, म्हणजे मशीनवर काय चालू आहे ते दाखवणाऱ्या पडद्यावर, बघितलं तर एसएसएचची प्रोसेस सीपीयू खाऊन राहिली. एका ट्रान्सफरचं एन्क्रिप्शन एकाच प्रोसेसरवर होते, अन् आमचं मशीन कमी क्षमतेचं मॉडेल, त्याचे साधे प्रोसेसर मुद्दाम हळू ठेवलेले असतात.

पण या मशीनच्या चिपमध्येच एन्क्रिप्शनचं हार्डवेअर असते, सीपीएसीएफ म्हणतात त्याला, ते एईएस (एन्क्रिप्शनचं गणित) अन् शा (डेटा वाटेत बदलला नाही ना ते तपासायचं गणित) झपाट्यानं करते. एसएसएच तिथपर्यंत जाते आयसीएसएफमधून, ती झेड/ओएसची एन्क्रिप्शनची सेवा. आयसीएसएफ चालू होतं, कॉन्फिग फाइलमध्ये सायफर्सचा (एन्क्रिप्शनच्या पद्धतींचा) सोर्स 'एनी' होता, म्हणजे आधी आयसीएसएफ, नाही जमलं तर ओपनएसएसएल, तेच काम सॉफ्टवेअरमध्ये करणारं. डीबग लावून पाठवलं तर लॉगमध्ये सायफरच्या पुढं सोर्स ओपनएसएसएल. म्हणजे सगळं गणित सॉफ्टवेअरमध्ये, अन् चूक कुठंच दाखवत नव्हतं, चुपचाप दुसऱ्या वाटेनं जात होतं.

टेस्टमध्ये सोर्स फक्त आयसीएसएफ केला, तर कनेक्शन सरळ पडलंच. लपलेली चूक शेवटी समोर आली, म्हणून ते पडलं तेव्हा इतका आनंद झाला की आईला उठवून सांगावं वाटलं. कारण निघालं रॅकएफचं, म्हणजे कोणाला काय वापरता येईल ते ठरवणाऱ्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं: बॅचच्या युजर आयडीला सीएसएफसर्व क्लासच्या, म्हणजे आयसीएसएफच्या सेवा वापरायच्या, प्रोफाइलवर रीड परवानगीच नव्हती. सिक्युरिटीवाल्या ताईंना त्या प्रोफाइलच्या नावांची यादी दिली, सीएसएफआयक्यूए, सीएसएफ१टीआरसी, सीएसएफ१टीआरडी, सीएसएफ१एसकेई, सीएसएफ१एसकेडी, आणि मॅकसाठी (डेटा बदलला नाही ना ती खूण) सीएसएफओडब्ल्यूएच. त्यांनी परवानगी दिली, रॅकलिस्ट रिफ्रेश केलं (म्हणजे नवी परवानगी लागू होते), अन् आणखी दोन आयडींना तीच कमी होती तेही त्यांनीच शोधलं. असं माणूस टीमला असणं मोठी गोष्ट आहे.

त्या रात्री पाठवायला ५० मिनिटं लागली, कॉपी धरून तासभर, रिटर्न कोड शून्य, म्हणजे काहीच चूक नाही. मी बॅटरी घेऊन वावरात गेलो आणि बाबांसोबत स्प्रिंकलरचे पाइप बदलले.

प्रॉडक्शनमध्ये सोर्स 'एनी'च ठेवला, आयसीएसएफ कधी बंद असलं तर फाइल न जाण्यापेक्षा हळू गेलेली बरी, पण जॉबचा सीपीयू टाइम आता मी रोज लिहून ठेवतो, तो वाढला की समजायचं, पुन्हा सॉफ्टवेअरच्या वाटेनं गेलं. आणि २५६ केबीला ४० मिलिसेकंदांनी भागलं तर सेकंदाला ६.४ एमबी येते, १८ जीबीला तेवढीच ४८ मिनिटं, म्हणजे आता जो वेळ लागतो तो खरोखर नेटवर्कचा आहे. सेंड बफर ५१२ केबी करायची विनंती टाकली आहे, समोरच्या बँकेलाही त्यांचा रिसीव्ह बफर वाढवायला सांगितलंय, त्यांचं उत्तर यायचं आहे.