लाइपझिगमधील क्लॅव्हिकॉर्ड

आज जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाच्या वाद्यसंग्रहालयात डोमेनिकस पिसॉरेन्सिस या इटालियन कारागिराने १५४३ साली घडवलेला क्लॅव्हिकॉर्ड, म्हणजे पियानोसारख्या पट्ट्यांचे जुने तारवाद्य, डोळे भरून पाहिला. निर्मितीचे साल नोंदलेल्या उपलब्ध क्लॅव्हिकॉर्डांपैकी हा सर्वांत जुना आहे.

या वाद्याची पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावरचे पितळी पाते तारेवर आघात करते आणि बोट उचलेपर्यंत तारेला टेकूनच राहते. म्हणजे नाद निर्माण करणारे आणि तारेची कंप पावणारी लांबी ठरवणारे साधन एकच असते. पियानोचा हातोडा तारेवर आदळून लगेच मागे फिरतो, त्यामुळे त्या सुराची उंची वादकाला पुढे बदलता येत नाही. येथे मात्र बोटाचा दाब किंचित कमीजास्त केला की वाजता सूर आंदोलित होतो, म्हणजे हलकासा वरखाली झुलतो. हार्मोनियमवर ज्यांना आंदोलनाची उणीव सतत जाणवते, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

जुन्या क्लॅव्हिकॉर्डांत शेजारच्या दोन-तीन पट्ट्या तारांची एकच जोडी वापरत. ते सूर एकत्र वाजत नसत, पण तारा कमी लागल्याने वाद्य लहान आणि हलके राहत असे. आवाज अतिशय मंद असल्यामुळे ते सभागृहात नव्हे, तर घरातच रमले. वादकाची खरी पारख क्लॅव्हिकॉर्डवरच होते, असे जर्मन संगीतकार कार्ल फिलिप इमान्युएल बाख याने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे आणि मला ते पूर्णपणे पटते. हे वाद्य आजही नव्याने घडवले जाते. घरी सरावासाठी डिजिटल पियानो घेणाऱ्यांनी ते एकदा अवश्य वाजवून पाहावे.