चिपकडे बघा

लेथवर धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरतो आणि टूल त्याला कापतं; तेव्हा निघणारा कीस म्हणजे चिप. लेथच्या ट्रेमधल्या चिपवर दुपारचं ऊन आलं की तिचे रंग दिसतात. चंदेरी, गवती पिवळी, मधेच एखादी जांभळट-निळी. निळी सगळ्यांत देखणी, पण एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) टूलनं काम चाललं असेल तर ती वाईट खबर. चिप एवढी तापली म्हणजे टूलचं टोकही तापलं, धार आता फार टिकत नाही. जास्त उष्णता सोसणाऱ्या कार्बाइडचं टूल असेल तर तीच निळी चिप बघून खुशाल पुढचा कट द्यावा.

नवशिक्याचं सगळं लक्ष जॉबकडे असतं. घरच्या वर्कशॉपात शेजारी उस्ताद नसतो, तेव्हा सुरुवातीचे दिवस जॉब सोडून चिपच बघावी, असं माझं ठाम मत आहे. निळी आली तर स्पीड उतरवायचा. हिशोब सोपा: 320 गुणिले कटिंग स्पीड (मिनिटाला किती मीटर धातू टूलसमोरून जातो तो), भागिले मिलिमीटरमधला व्यास. माइल्ड स्टीलला एचएसएससाठी मिनिटाला 25 मीटर धरले, तर 25 मिमी बारला 320 आरपीएम. तोच बार 6 मिमीवर आणला की 1,300 च्या आसपास. एवढ्यासाठी पट्टा बदलायचा कंटाळा येतो, हेही खरं.

तारेसारखी लांबच लांब चिप निघून जॉब पकडणाऱ्या चकला गुंडाळत असेल, तर दोष बहुतेक भित्र्या कटाचा. फीड, म्हणजे एका फेऱ्यात टूल जेवढं पुढे सरकतं ते, 0.05 मिमी असेल तर 0.15 करून बघावं; चिप जाड होते, वळते आणि तुटते. बिडाला (ओतीव लोखंडाला) हा प्रश्नच नाही, त्याचा नुसता काळा चुरा पडतो. पण ओतकामाची वरची कातडी कडक असते, वाळूचे कणही असतात. तिच्यावर नाजूक कट घेतला की टूल घासून बोथट होतं. पहिलाच कट कातडीच्या खाली, दीड-दोन मिमी घ्यायचा, आणि तेलाशिवाय. चुरा तेलात मिसळला तर बेडवर (टूल ज्यावरून सरकतं त्या रुळांवर) घासणारी एमरी पेस्ट लावल्यासारखंच, म्हणून आधी बेडवर पुठ्ठा. पितळेला वरून सपाट घासलेलं, शून्य रेकचं टूल. नाहीतर ते जॉबमध्ये ओढलं जातं. ॲल्युमिनियम टूलच्या टोकाला चिकटून बसतं, त्याला रॉकेलचे चार थेंब पुरतात.

फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं टोक सपाट कापताना, मध्यभागी एक मणी उरतो, तो तर थेट मापच सांगतो. मणी 1 मिमी जाड असेल तर टूल सेंटरच्या (जॉबच्या फिरण्याच्या अक्षाच्या) अर्धा मिमी खाली आहे. हॅकसॉ ब्लेडचा दाते घासलेला तुकडा साधारण 0.6 मिमी जाड असतो. टूलखाली तो एक सरकवला की बरंचसं भागतं. मणी उरेपर्यंत थांबायचं नसेल तर सहा इंची स्टीलपट्टी टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये हलकेच, मशीन बंद ठेवून, धरायची. सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली, पलीकडे झुकलं तर वर.

सेंटरचं हे वेड आपल्याला खरं तर भोवऱ्यानं लावलेलं असतं. आर जरा तिरकी ठोकली गेली की भोवरा हातावर घेता येत नसे, नुसता गुरगुरत भेलकांडायचा. मग उपसून पुन्हा ठोकायची, तोवर भोकच मोठं झालेलं. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात आणि घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून रंग बसतो, हे तर कितीही वेळ बघत बसावं. असो.

तीन जबड्यांच्या चकमध्ये जॉब 0.05 ते 0.1 मिमी आउट, म्हणजे सेंटरपासून सरकून, फिरणं नेहमीचंच. म्हणून जे व्यास एकमेकांशी जुळायला हवेत ते एकाच पकडीत संपवायचे. काढून परत लावला की जुळणी गेली. चार जबड्यांचा चक कटकटीचा वाटतो, पण डायल (सरकणं मोजणारा काट्याचा गेज) लावून समोरासमोरची जोडी एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला घट्ट करत गेलं की जमतं. काटा 0.40 हलला तर जॉब 0.20 सरकवायचा, हे अर्धं विसरलं की अख्खी संध्याकाळ जाते.

मिलिंगला, म्हणजे फिरत्या कटरनं टेबलवरचा जॉब कापताना, चिप सुटी, तुटक. 10 मिमीच्या चार धारांच्या एंड मिलला (टोकानं आणि कडांनी कापणाऱ्या कटरला) माइल्ड स्टीलवर 800 आरपीएम, दाताला 0.03 मिमी, म्हणजे मिनिटाला जेमतेम 96 मिमी फीड. कटर ड्रिल चकमध्ये पकडू नये, तो हळूहळू खाली उतरतो आणि खाच तिरपी खोल होते, चहूबाजूंनी घट्ट पकडणारं कोलेट घ्यावं. टेबलच्या स्क्रूला खेळ असेल तर फीड कटरच्या फिरण्याविरुद्धच द्यावं. फिरण्याच्या दिशेनं दिलं की कटर टेबलच ओढून घेतो आणि दात तुटतो. 25 मिमीच्या गोल बारमधून मोठ्यात मोठा चौकोन 17.6 मिमीचा निघतो. एक तृतीयांशाहून जास्त माल चिप होऊन जातो.

आणि ही चिप हातानं ओढायची नाही. आकडा किंवा ब्रश, तोही मशीन बंद करून. लेथवर हातमोजे नाहीत, लांब बाह्या नाहीत. चकची चावी चकमध्ये असेल तोवर हात चावीवर. हात सुटायच्या आधी चावी बाहेर. फोन वाजू दे, दारावरची बेल वाजू दे.