द्रानाची मुलगी

उत्तर मॅसेडोनियाची राजधानी स्कोपिए. तिथल्या मुख्य चौकातून माकेदोनिया रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर मदर तेरेसांचं स्मृतिघर येतं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तरी मी म्हणेन, आधी सरळ पुढे जाऊन रस्त्याच्या टोकाचं जुनं रेल्वे स्टेशन बघा. 26 जुलै 1963 च्या पहाटे इथे भूकंप झाला, हजाराहून जास्त माणसं गेली, आणि स्टेशनच्या दर्शनी भिंतीवरचं घड्याळ 5 वाजून 17 मिनिटांवर थांबलं. ते तसंच राखलं आहे. किल्लारीनंतरची गावं पाहिलेल्या माणसाला त्या घड्याळासमोरून लवकर हलता येत नाही.

स्मृतिघराचा संबंध या भूकंपाशी आहे. 26 ऑगस्ट 1910 ला आन्येझ गोंजे बोयाजिउ, म्हणजे पुढच्या मदर तेरेसा, या शहरात जन्मली. तेव्हा इथे ऑटोमन सत्ता होती. दुसऱ्याच दिवशी तिचा बाप्तिस्मा ज्या कॅथलिक चर्चमध्ये झाला, ते भूकंपात गेलं. त्याच जागी 2009 साली ही वास्तू उभी राहिली. जन्मघरही उरलेलं नाही. चौकाजवळ त्याच्या जागेची खूण तेवढी आहे.

बाहेरून वास्तू मला आवडली नाही. दगडी भिंती, काच, जाळीकाम, सगळं एकाच वेळी डोळ्यांवर येतं. ज्या बाईंनी शेवटपर्यंत निळ्या काठाची सुती साडी नेसली, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटत राहतं. आत गेल्यावर मात्र मन निवतं. त्या काळच्या घरासारखी मांडणी, कुटुंबाचे फोटो, हस्ताक्षरातली पत्रं, साडी. वरच्या मजल्यावर प्रार्थनागृह आहे.

आपल्याला मदर तेरेसा ठाऊक असतात त्या कोलकात्यापासून: 1950 ची मिशनरीज ऑफ चॅरिटी, 1952 चं कालीघाटचं मरणासन्न माणसांसाठीचं निर्मल हृदय, 1979 चं नोबेल, 1980 चं भारतरत्न. त्यांच्या संस्थांमधल्या औषधोपचारांवर आणि धर्मांतरावर झालेले वादही आपण ऐकलेले असतात. त्याआधीची अठरा वर्षं आपल्याला माहीतच नसतात, आणि मी इथे आलो तो त्या वर्षांसाठी.

वडील निकोला 1919 साली अचानक वारले. घर बऱ्यापैकी खातंपितं होतं, ते एकदम अडचणीत आलं. आई द्राना हिनं शिवणकाम, भरतकाम करून तीन मुलांना वाढवलं. आणि हातात पैसा नसतानाही गरिबांना घरी जेवू घालायचं तिनं सोडलं नाही. आजारी माणसांकडे जाताना ती मुलांनाही बरोबर न्यायची. कालीघाटच्या त्या दालनाची सुरुवात मला स्कोपिएतल्या त्या जेवणाच्या टेबलापाशी दिसते.

1928 च्या सप्टेंबरमध्ये, अठराव्या वर्षी, गोंजे आयर्लंडला लोरेटो जोगिणींच्या संस्थेत जायला निघाली. आई आणि आगे नावाची बहीण रेल्वेनं आजच्या क्रोएशियातल्या झाग्रेबपर्यंत पोचवायला गेल्या. तिथे निरोप झाला, आणि मायलेकींची पुन्हा गाठ कधीच पडली नाही. पुढे द्राना आणि आगे अल्बानियाच्या राजधानीत, तिरानात राहायला गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्बानियाच्या कम्युनिस्ट राजवटीनं सीमा बंद केल्या. मुलीला आत येऊ दिलं नाही, आईला बाहेर पडू दिलं नाही. मदरनी खूप खटपट केली, तरी उपयोग झाला नाही. 1972 मध्ये द्राना गेली, पुढच्या वर्षी आगे. परक्या शहरातल्या हजारो मरणाऱ्यांच्या उशाशी बसलेल्या या बाईंना स्वतःच्या आईपाशी बसता आलं नाही. द्रानाच्या फोटोसमोर मला हेच आठवत होतं, आणि डोळे भरून आले.

स्कोपिएला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसानं इथे यावं असं मला मनापासून वाटतं. संग्रहालयाकडे माझं एकच मागणं आहे. पोप आणि राष्ट्रप्रमुखांसोबतचे मदरचे फोटो जगभर पाहायला मिळतात. इथली एक अख्खी खोली द्राना बोयाजिउला द्यावी.