आमची वाटचाल : ग्राइंडिंग व्हील ते एअर स्टोन

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी ग्राइंडिंग व्हील, म्हणजे धातू घासायची चाकं, बनवणं हा आमच्या आप्पांचा धंदा. ॲल्युमिना या कठीण पदार्थाचा दाणा, त्यात माती नि फेल्डस्पार नावाचं खनिज, मग प्रेस आणि १२५० अंशांची भट्टी. तिथं माती वितळून काचेसारखी होते, दाण्याला दाणा धरते आणि मधली पोकळी तशीच राहते. माशांच्या टाकीतला एअर स्टोन, म्हणजे पंपाची हवा बुडबुडे करून पाण्यात सोडणारा सच्छिद्र दगड, याच रीतीनं बनतो. व्हीलमध्ये गिऱ्हाईक दाण्याची धार विकत घेतं, स्टोनमध्ये ही पोकळी. त्यामुळं प्रेस नि भट्टी तीच ठेवून आम्ही या कामात उतरलो.

मागणी सगळ्यांची एकच : बुडबुडा बारीक पाहिजे. ती रास्तच आहे. बुडबुड्याचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच हवेला पाण्याशी दुप्पट पृष्ठभाग मिळतो, शिवाय तो सावकाश वर चढतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५, म्हणजे उन्हाळ्यात याची खरी गरज. पण छिद्र निम्मं केलं की त्यातून हवा ढकलायला दाबही दुप्पट लागतो. घरगुती पंप तिथं दमतो, त्याचा डायफ्राम, म्हणजे हवा ढकलणारा रबरी पडदा, लवकर जातो. म्हणून घरच्या टाकीला आम्ही मुद्दाम जाड दाण्याचाच, म्हणजे मोठ्या छिद्रांचा, स्टोन देतो. बारीक दाण्याचा माल जिवंत मासे नेणाऱ्यांसाठी, कारण त्यांच्याकडं ऑक्सिजन सिलिंडरचा दाब असतो.

२०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली आणि आमच्याकडं बायोफ्लॉकवाले, म्हणजे टाकीतल्या सूक्ष्मजीवांच्या पुंजक्यांनी (फ्लॉक) पाणी साफ ठेवून मासे वाढवणारे, शेतकरी येऊ लागले. तिथं हवा चोवीस तास लागते, आणि आपल्याकडं वीज जाते. हवा सोडणारा ब्लोअर थांबला की टाकीतलं पाणी उलटं स्टोनमध्ये शिरतं, सोबत फ्लॉकचा गाळ नेतं, आणि छिद्रं बुजतात. शेतकऱ्याला वाटतं दगडच खराब. म्हणून प्रत्येकाला सांगतो : जनरेटर किंवा इन्व्हर्टर आधी घ्या, स्टोन नंतर; नळीत पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा; बुजलेला स्टोन उन्हात खडखडीत वाळवून ब्रशनं घासा.

प्रत्येक नग पाण्यात बुडवून, कमी दाबाची हवा सोडून तपासला जातो. एकाच बाजूनं मोठे बुडबुडे आले तर तडा आहे किंवा प्रेस असमान बसलाय. असा नग बाहेर जात नाही. ऑर्डर घेताना आता आम्ही दराआधी पंप कोणता, पाणी किती खोल, गोडं की खारं, हे विचारतो.