एका गट नंबरापायी सात महिने

विजेच्या लाइनीला पर्यावरणाची कसली मंजुरी, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. कागदावर ते खरंच आहे. 2006च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेच्या यादीत पारेषण वाहिनी, म्हणजे विजेची मोठी लाइन, नाहीच. पण तारा जंगलाच्या जमिनीवरून गेल्या की वनमंजुरी लागते, आणि जंगल कशाला म्हणायचं इथूनच माझं घोडं अडलं.

मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या रांगेत 220 केव्हीची लाइन, तारांखालचा 35 मीटरचा पट्टा, पर्यावरण अभ्यास माझ्याकडं. तीन पर्यायी मार्ग, झाडांची मोजणी, गावबैठका, सगळं पावसाळ्यात उरकलं. राहिला एक गट नंबर. सातबाऱ्यावर तो गायरान, वनविभागाच्या नकाशावर मात्र हिरव्या रंगात. 12 डिसेंबर 1996च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून सरकारी दप्तरात जंगल अशी नोंद असली की मालक कुणीही असो, जमीन जंगलच धरतात. मला फक्त एका ओळीचा दाखला हवा होता. आहे, किंवा नाही.

सप्टेंबरात अर्ज दिला. कार्यालयाचं नाव घेत नाही, पुढंही तिथं जायचंय. पहिला महिना "साहेब मीटिंगला गेलेत" यातच गेला. दुसऱ्या महिन्यात कळलं, अर्ज वनविभागाकडं मतासाठी गेलाय. तिथले म्हणाले, आमच्याकडं जुना सर्व्हे नंबर आहे, तुमचा गट नंबर जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचा, दोन्ही जुळवून आणा. जुळवायचा तक्ता पुन्हा पहिल्याच कार्यालयात! तिथला कारकून शांतपणे म्हणाला, "सर, ते दप्तर निजामाच्या काळातलं, उर्दूत आहे. वाचणारे रिटायर झाले."

शेवटी त्या रिटायर झालेल्या काकांनाच मोटारसायकलवर बसवून घेऊन गेलो. रजिस्टरच्या कडा हातात गळत होत्या. काकांनी बोट ठेवून वाचलं, "1339". मी हिजरी समजून हिशोब करत बसलो. ते हसले, "फसली आहे हो, महसुली दप्तरातलं जुनं साल, 590 मिळवा." म्हणजे 1929. मराठवाड्यात काम करणाऱ्यांनी एवढी बेरीज पाठच करून ठेवावी. आणि खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदपत्रकाची, नक्कल पहिल्याच दिवशी मागा, मी चौथ्या महिन्यात मागितली.

नोंदीवरून निघालं काय, तर अर्धा तुकडा जंगल, अर्धा गायरान. म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मीच तेवढा मध्ये लटकलेला. दाखला मार्चमध्ये हातात पडला. घरी येऊन वाचला तर गट नंबर 214च्या जागी 241. दुरुस्तीला आणखी एकोणीस दिवस. सही झालेला कागद टेबलावरून उचलण्याआधी प्रत्येक आकडा वाचा, साहेबांना राग आला तरी चालेल.

झाडांबद्दल सांगायचं राहिलं. मोजायला जाताना शेतकऱ्याला बरोबर घ्या आणि पंचनाम्यावर तिथंच सही घ्या. बांधावरचा आंबा आपल्या रकान्यात 'फळझाड, एक' असतो, पण त्यांच्या आजोबांनी लावलेला असतो. आणि मेंढपाळांना विचारल्याशिवाय टॉवरची जागा कायम करू नका. आमचा एक खांब पाणवठ्याच्या वाटेवर येत होता, नकाशात ती वाट नव्हतीच. एका मामांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवली, तेव्हा तो सरकवला.

या रखडण्यात एक झालं. पावसाळ्यातल्या पाहणीत त्या माळावर मला चंडोल सोडले तर फारसं काही दिसलं नव्हतं. तपशिलात सगळ्यांनी 'पडीक' लिहिलेलं, मीसुद्धा. दाखल्यासाठी हेलपाटे मारताना हिवाळा आला आणि भोवत्या, म्हणजे हॅरियर हे पाहुणे शिकारी पक्षी, उतरले, संध्याकाळी गवतात मुक्कामाला, एकदा मोजले तर सतरा. अहवालाचं ते पान मी नव्यानं लिहिलं, त्या टप्प्यात तारांवर बर्ड डायव्हर्टर, म्हणजे पक्ष्यांना तार दिसावी म्हणून लावायच्या खुणा, बसवायची अट घातली, आणि ती टिकली. याचं श्रेय त्या कार्यालयाला मी देणार नाही.